"माह्या पोरीच्या डोक्यात काही बिघाड हाये काय?": परदेशी मिशनसेवेआधीच्या मानसिक तपासणीबद्दल

मार्चमधली दुपार होती. यवतमाळातल्या माझ्या मानसिक तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बाप-लेक येऊन बसले होते. मुलगी सव्वीसची, जीएनएम झालेली नर्स, एका मिशन दवाखान्यात तीन वर्षं रात्रपाळ्या काढलेली. झांबियातल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात सेवेला जायचं तिने ठरवलं होतं. वडील चार एकर कोरडवाहूवाले, कापूस विकून नुकते मोकळे झालेले. त्यांच्या हातात पाठवणाऱ्या संस्थेचं पत्र होतं, चार घड्या घालून खिशात ठेवल्याने घामाने मऊ पडलेलं. त्यातल्या 'मानसशास्त्रीय मूल्यमापन' या शब्दांखाली कोणीतरी निळ्या पेनाने रेघ ओढली होती. मुलगी पाणी प्यायला गेली तसे वडील एकटेच दाराशी आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, माह्या पोरीच्या डोक्यात काही बिघाड हाये काय? नाई तं तिले काहून पाठवलं इकडं?"

मी म्हटलं, "बिघाड नाही भाऊ. जाणाऱ्या सगळ्यांचीच ही तपासणी होते."

"सगळ्यायचीच होते, मंग गावात कोनाले सांगू नका असं काहून म्हंते पाळकसाहेब?"

पाळकसाहेब म्हणजे त्यांच्या चर्चचे धर्मगुरू. या प्रश्नाला दाराशी उभ्या उभ्या देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते इथे सावकाश देते. मुलीची परवानगी आहे. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

विदर्भाला मिशनरी नवे नाहीत. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले आणि १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पूर आलेला नाला ओलांडताना बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आजही आहे. पुढे अकोला, वाशीम, यवतमाळ, भंडारा अशा गावांत शाळा, दवाखाने, मिशन कंपाऊंडं उभी राहिली. यवतमाळात १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं विद्यालय होतं, मग ते पुण्याला गेलं. म्हणजे पिढ्यान्पिढ्या आपण बाहेरून आलेली माणसं पाहिली. आता आपल्याच मंडळ्यांतून, म्हणजे चर्चमधून, आणि धर्मप्रांतांतून नर्स, शिक्षक, फादर, सिस्टर बाहेरच्या देशांत निघतात. जाणाऱ्याला 'पाचारण' असतं, म्हणजे देवाने या कामासाठी मला बोलावलंय अशी आतली खात्री. आणि एक दिवस कोणीतरी त्याच्यापुढे पाचशेवर प्रश्नांची पुस्तिका ठेवतं. तो दुखावतो. 'देवाने बोलावलं, मग हे मधे कोण?' असं मला बऱ्याच जणांनी विचारलं आहे. मला त्याचा कधी राग आला नाही. श्रद्धा असलेल्या माणसाने हा प्रश्न विचारायलाच हवा.

माझं उत्तर साधं आहे. पाचारण मोजायचा काटा आमच्याकडे नाही, आणि ते आमचं कामही नाही. ते मंडळीने, वडीलधाऱ्यांनी, प्रार्थनेत बसून पाहायचं. आम्ही पाहतो ते इतकंच: या माणसाला या ठिकाणी, या सोबत्यांबरोबर, या वेळी पाठवलं तर तो टिकेल का, आणि टिकायला त्याला काय काय लागेल.

हे कोणी पाहिलं नाही तर काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या भाषेच्या इतिहासातच आहे. मराठीचं छापील व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये श्रीरामपूरहून, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरहून काढणारे मिशनरी विल्यम केरी आपल्याला माहीत आहेत. त्यांची बायको डोरोथी सहसा माहीत नसते. तिला भारतात यायचं नव्हतं. तिने आधी नकारच दिला होता. १७९३ मध्ये जहाज लांबणीवर पडलं, मधल्या वेळात तिला पुन्हा गळ घातली गेली, आणि बहीण सोबत येणार असेल तर येते, या अटीवर ती तान्ह्या बाळाला घेऊन निघाली. दुसऱ्या वर्षी तिचा पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. त्यानंतर तिचं मन ढळलं. नवरा आपल्याशी प्रतारणा करतो असा भ्रम तिला होऊ लागला, आणि शेवटची अनेक वर्षं तिला खोलीत बंद करून ठेवावं लागलं. १८०७ मध्ये ती गेली. म्हणजे ज्या वर्षी मराठीचं व्याकरण छापून झालं, त्या वर्षी ती बाई बंद दाराआड होती. केरींचं काम मोठंच आहे. पण 'बाई, तुला जायचं आहे का?' हे तिला नीट, एकटीला बसवून कोणी विचारलं असतं तर, हा विचार मला सोडत नाही.

माझ्या घरातलंही एक सांगते. माझे मामा १९८० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत सेवेला गेले होते. पाठवणाऱ्यांनी छाती, रक्त, डोळे सगळं तपासलं; मनाबद्दल एक शब्द विचारला नाही. चौदा महिन्यांनी मामा परत आले ते गप्प होऊनच. मंडळीत त्यांच्यासाठी प्रार्थना व्हायची ती 'कमी पडलेल्या भावासाठी' म्हणून. ते दर रविवारी मागच्या बाकावर बसून ती ऐकायचे. त्यांना झोप लागत नव्हती, तिथे एकाच सोबत्याबरोबर राहावं लागत होतं आणि त्याच्याशी पटत नव्हतं, हे मला कळलं ते मी या कामात पडल्यावर, त्यांच्या शेवटच्या आजारपणात.

आता माणूस तिथे गेल्यावर का ढासळतो ते पाहू. १९५४ मध्ये कालेर्व्हो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने ब्राझीलमध्ये दिलेल्या एका भाषणात 'कल्चर शॉक' समजावून सांगितला. १९६० मध्ये ते लेखन ज्या नियतकालिकात छापून आलं, ते मिशनरी मंडळी वाचत असत. ओबर्गचं म्हणणं असं, की परक्या ठिकाणी माणूस कुठल्या एका मोठ्या धक्क्याने मोडत नाही. रोजच्या हजार छोट्या खुणा हरवल्याने तो थकतो. कोणाला कधी हात जोडायचे, किती वेळ थांबून 'येतो' म्हणायचं, समोरचा हसला तो आनंदाने की संकोचाने, हे आपल्या गावात आपल्याला विचार न करता कळतं. तिथे प्रत्येक गोष्टीचा विचार करावा लागतो.

आपल्याकडे हे समजावून सांगावं लागू नये. नवी सून सासरी येते तेव्हा तिची तीच गत असते. पहिले काही दिवस कौतुकाचे. मग मिठाचा डबा कुठे, भाजीत तिखट किती, सासऱ्यांपुढे पदर कुठवर, सगळंच चुकतं. ती माहेरची भाकर आठवून रडते आणि घरचे म्हणतात, हिला आपलं काही आवडतच नाही. बहुतेकजणी दीड-दोन वर्षांत रुळतात. काहींना आजार जडतो. आता सून आणखी दूरची करा: भाषा वेगळी, ताप आला तर दवाखाना शंभर किलोमीटरवर, आणि फोनवर आईला खरं सांगायची सोय नाही, कारण आईच्या मंडळीनेच वर्गणी काढून पाठवलेलं.

जागतिक इव्हँजेलिकल संघाच्या मिशन आयोगाने १९९४ ते १९९६ या काळात १४ देशांत एक मोठी पाहणी केली. भारतही त्यात होता. प्रश्न एकच: मिशनरी काम सोडून परत का येतात? वर्षाला सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास माणसं परत येत होती, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची कारणं टाळता येण्याजोगी होती. मुलांचे प्रश्न, तब्येत, सहकाऱ्यांशी न पटणं, मायदेशाच्या मंडळीकडून आधार न मिळणं. यातलं सहकाऱ्यांशी न पटणं मी स्वतः सगळ्यात जास्त पाहते. बाहेरच्या लोकांशी जुळवून घ्यायच्या तयारीने गेलेला माणूस शेजारच्या खोलीतल्या आपल्याच भावाशी बोलेनासा होतो.

तपासणीत नेमकं काय असतं?

आधी एक लांब अर्ज: घर, बालपण, शिक्षण, आजारपणं, घरात कोणाला मानसिक आजार, कोणी दारू पिणारं, आजवरची नोकरी का सोडली. मग पाळक, वरिष्ठ, मित्र यांची मतं. मग एक-दोन लेखी प्रश्नावल्या. शेवटी मुलाखत, कधी एक, कधी दोन-तीन. जोडपं असेल तर एकत्र आणि वेगवेगळी, दोन्ही.

लोकांना धास्ती प्रश्नावलीची असते, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त सांगते. सगळ्यात गाजलेली आहे एमएमपीआय, स्वभाव आणि मानसिक त्रास जोखणारी. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी ती बनवली, १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९८९ मध्ये सुधारली. त्या सुधारलेल्या आवृत्तीत ५६७ विधानं आहेत. प्रत्येकाला 'माझ्या बाबतीत खरं' किंवा 'खोटं' म्हणायचं. एकेका उत्तरावरून काहीही ठरत नाही. शेकडो उत्तरांचा मिळून एक आलेख निघतो आणि तो मुलाखतीला दिशा देतो. त्यात काही मापं उत्तरांचा खरेपणा जोखणारी असतात. 'मला कधीच राग येत नाही', 'मी आयुष्यात एकदाही खोटं बोललो नाही' अशा वळणाच्या विधानांना कोणी सरसकट हो म्हणत गेला, तर कळतं की हा माणूस स्वतःला आहे त्यापेक्षा चांगला दाखवतोय.

सेवेला निघालेल्यांत हे फार होतं, आणि त्यामागे लबाडी नसते. ख्रिस्ती मुलीने रागवायचं नाही, असं लहानपणापासून ऐकलेली मुलगी मनापासून लिहिते की मला राग येत नाही. म्हणून असा आलेख दिसला की मी त्याला खोटेपणा म्हणत नाही. समोर बसवून विचारते.

मापाबद्दल आणखी एक काळजी घ्यावी लागते. एमएमपीआयची मूळ तुलना ज्यांच्याशी केली होती ती माणसं म्हणजे बहुतेक मिनेसोटातल्या इस्पितळात रुग्णांना भेटायला आलेले नातेवाईक आणि ओळखीचे. एका गावची पायली घेऊन दुसऱ्या गावचं धान्य मोजलं तर हिशेब चुकणारच. मूळ संचात ख्रिस्ताच्या पुनरागमनासारख्या श्रद्धांवरही विधानं होती. १९८९ मध्ये धर्माबद्दलची बरीच विधानं गाळली गेली. तरी तपासणारा परका असेल तर घोटाळा होऊ शकतो. 'देवाने मला रात्री सांगितलं' हे वाक्य आपल्या मंडळीत साक्ष देताना सहज येतं. ते आजाराचं लक्षण नाही. तोच माणूस न झोपता, न जेवता, आवाज हुकूम देतात म्हणून घाबरून फिरत असेल, तर गोष्ट वेगळी. हा फरक कागद सांगू शकत नाही. त्यासाठी ती भाषा कानावर पडलेला माणूस समोर लागतो. म्हणून उमेदवाराला माझं सांगणं असतं: इंग्रजी प्रश्न पुरता कळला नाही तर अंदाजाने खूण करू नकोस. थांबव, विचार, मराठीत मुलाखत माग.

त्या दिवशी त्या मुलीच्या कागदावर राग, रडू, भीती यांची सगळी घरं स्वच्छ होती. मुलाखतीत मी विचारलं, "गेल्या पाच वर्षांत घरात कोणी गेलं का?" ती म्हणाली, "काका गेले. कर्ज होतं." यापुढे विदर्भात फारसं विचारावं लागत नाही.

"मग तू काय केलंस?"

"काकूले आठ दिवस सांभाळलं. कपाशी वेचाची राह्यली होती, ते वेचली. मंग ड्यूटीवर गेली."

"रडलीस कधी?"

ती ओढणीच्या टोकाला गाठ मारत बसली. मारायची, सोडायची. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मॅडम, रडली असती तं प्रभूवर भरोसा नाई असं झालं असतं ना."

तपासणीचं खरं काम इथे सुरू होतं. काका गेल्यामुळे ती अपात्र ठरत नाही. ज्या घरांत असं दुःख झालेलं नाही, तिथूनच माणसं पाठवायची म्हटलं तर आपल्याकडून कोणीच जाऊ शकणार नाही. प्रश्न हा, की न रडता बांधून ठेवलेलं हे दुःख झांबियातल्या वॉर्डात, जिथे माणसं मरताना पाहावी लागतील, तिथे तिच्यावर किती भार टाकेल. मी तिला बायबलमधलं 'पहिला राजे' हे पुस्तक काढायला लावलं, अध्याय १९. थकलेला एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला दरडावत नाही. भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो आणि दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला देतो. तिने तो उतारा अनेकदा ऐकला होता. झोप आणि भाकरीची ओळ मात्र तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली, असं ती म्हणाली.

तपासणीच्या शेवटी 'पास' किंवा 'नापास' असं क्वचितच असतं. हो, जा. हो, पण एकटी नको, दोघी-तिघींच्या गटात जा. हो, पण आधी सहा महिने समुपदेशन घे. आत्ता नको, दोन वर्षांनी ये. आणि कधी कधी, नाही. 'आत्ता नको' ऐकलेल्यांना मी बायबलमधल्या मार्कची आठवण देते. मार्क म्हटलेला योहान पौल आणि बर्णबा यांच्यासोबत सेवेला निघाला आणि पिर्गाहून, अर्ध्या वाटेवरून परत आला. पुढच्या प्रवासात त्याला नेण्यावरून त्या दोघांचं भांडण झालं. आणि म्हातारपणी तोच पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे.

'नाही' कुठे म्हणावं? उपचाराखाली न आलेला गंभीर मानसिक आजार, चालू व्यसन, किंवा ज्या समाजात जायचं तिथल्या माणसांना धोका. हा शेवटचा मुद्दा मला फार जवळचा आहे. तपासणी जाणाऱ्याच्या भल्यासाठी असते, तशी तिथल्या लोकांसाठीही असते. परदेशी सेवकाच्या हातात शाळा, वसतिगृह, दवाखाना अशी मोठी सत्ता येते. पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: मुलांवर अत्याचार करणारा माणूस ओळखून देईल अशी कुठलीही प्रश्नावली नाही. त्यासाठी पोलीस पडताळणी, जुन्या वरिष्ठांना थेट फोन, आणि मुलांसोबत एकट्याने न राहण्याचे पक्के नियम लागतात. मानसिक चाचणी झाली म्हणून हे सोडून देणारी संस्था मुलांना उघड्यावर टाकते.

जुन्या नैराश्याबद्दल विचारतात तेव्हा उमेदवार हमखास लपवतात. ते त्यांच्याच जिवावर येऊ शकतं. गडचिरोलीकडच्या माणसाला मलेरिया सांगायला नको. आफ्रिकेत जाताना मलेरिया टाळण्यासाठी गोळ्या देतात, त्यांत मेफ्लोक्विन नावाची आठवड्याला एक घ्यायची गोळी असते. तिने काहींना भयानक स्वप्नं, घबराट, नैराश्य, भास होतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. ज्याला पूर्वी नैराश्य किंवा भ्रमाचा आजार झाला आहे, त्याला प्रतिबंधासाठी ती देऊच नये. दुसरी औषधं आहेत. पण डॉक्टरला माहीतच नसेल तर तो काय करणार? आणि जो चालू गोळ्यांवर नीट आहे, त्याच्यासाठी प्रश्न इतकाच उरतो की त्या गोळ्या आणि त्यांच्या रक्ततपासण्या तिथे मिळतात का.

कुटुंबासह जाणाऱ्यांनी मुलांशीही बोलू द्यावं, हे थोडक्यात सांगते. दोन संस्कृतींच्या मधे वाढणाऱ्या मुलांसाठी 'थर्ड कल्चर किड्स' हा शब्द रूथ युसीम यांनी १९५० च्या दशकात आणला, तोही भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास करताना. आता आपली मुलं त्या जागी आहेत.

आणि गुप्ततेबद्दल. व्हॅटिकनने २००८ मध्ये पुरोहित होऊ पाहणाऱ्यांच्या बाबतीत मानसशास्त्र कसं वापरावं याची तत्त्वं काढली. उमेदवाराची संमती आधी घेतलेली, स्पष्ट, समजून दिलेली आणि मोकळी असावी, असं त्यात म्हटलं आहे. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, कलम २३ मध्ये, मानसिक आजार असलेल्याच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क आहे. निवडीसाठी केलेल्या तपासणीलाही तीच शिस्त हवी, असं माझं ठाम मत आहे. उमेदवाराने सही करण्याआधी विचारावं: अहवाल कोण वाचणार? पूर्ण जाणार की फक्त शिफारस? किती वर्षं ठेवणार? मला समजावून सांगणार का? मी असे अहवाल कमिटीच्या टेबलावर हातोहात फिरताना पाहिले आहेत, आणि महिन्याभरात मुलीच्या लग्नाच्या बोलणीत त्यातली वाक्यं निघालेली ऐकली आहेत. असं करणाऱ्यांना प्रामाणिक उत्तरं मागण्याचा अधिकार उरत नाही.

म्हणूनच पाळकसाहेबांनी 'गावात सांगू नका' म्हटलं असावं. हेतू मुलीला जपण्याचा होता. पण गुप्तता तिच्या उत्तरांची हवी. तपासणी होते हे मात्र मंडळीत मोठ्याने सांगावं, निघणाऱ्या प्रत्येकाच्या नावाने, म्हणजे कोणा एकीवर बोट जाणार नाही. हे मी त्या वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. पुढच्या महिन्यात उपासनेनंतर स्वतः उभे राहून त्यांनी ते सांगितलं, असं मुलीकडून कळलं.

तिची शिफारस मी 'हो, पण' अशी लिहिली. आधी समुपदेशन, मग दोघींच्या गटात रवानगी, पहिल्या वर्षी दर पंधरवड्याला मराठीत फोनवर बोलण्याची सोय. शब्द न् शब्द तिला वाचून दाखवला. चौथ्या भेटीत ती काकांबद्दल रडली. काकू घरी फार एकट्या पडल्या होत्या; त्यांच्यासाठी १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आधाराच्या सेवेचा मोफत सरकारी क्रमांक तिने स्वतः लिहून घेतला.

शेवटच्या भेटीला वडील पुन्हा सोबत आले होते. एसटीची वेळ झाली होती. दारातून वळून त्यांनी विचारलं, "मॅडम, तिथं ज्वारीची भाकर भेटते काय?"

मी सांगितलं, तिथे मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं न्शिमा खातात, हाताने, भाजीला लावून.

ते थोडे थांबले, मुलीकडे पाहिलं. "मंग आतापासूनच करून खात जा बापा घरी," म्हणाले, "तोंडाले सवय होईन."